२८ फुटी ट्रेलर, अर्ध्या टनाचा ट्रक आणि मागून डोलणारं शेपूट: वेट डिस्ट्रिब्यूशन हिच कोणती घ्यावी?

रानवाट | ४ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. जूनमध्ये आई-बाबा सांगलीहून येताहेत आणि त्यांना घेऊन ग्रँड टेटन आणि यलोस्टोन ही राष्ट्रीय उद्यानं करायचं ठरलं आहे. आईचे गुडघे दुखतात, बाबांचं पथ्य आहे. रोज नवं हॉटेल शोधण्यापेक्षा आपला पलंग आणि आपली शेगडी सोबत असावी म्हणून गेल्या महिन्यात एक वापरलेला ट्रेलर घेतला. लांबी २८ फूट, दोन ॲक्सल, कमाल वजन (जीव्हीडब्ल्यूआर) ७,६०० पौंड. ओढायला फोर्ड एफ-१५० पिकअप, ३.५ लिटर टर्बो, चार दारांचा ('अर्ध्या टनाचा' हे नुसतं ट्रकच्या वर्गाचं नाव).

विक्रेत्याने गोल बारांची एक हिच (ट्रेलर ट्रकला जोडणारं आणि त्याचा भार चाकांवर वाटणारं साधन) आणि शेजारी घर्षणाची एक दांडी लावून दिली आणि "झालं, निघा" म्हणाला. गेल्या शनिवारी पहिली चाचणी सहल केली. आय-२५ महामार्गावर फोर्ट कॉलिन्सच्या पुढे ६२ मैलांच्या वेगात होतो. एक मोठा मालट्रक डावीकडून पुढे गेला. आधी ट्रेलर त्याच्याकडे ओढला गेला, मग उलटीकडे फेकला गेला, आणि मग थांबेचना. आरशात ट्रेलरची एकदा डावी भिंत दिसायची, एकदा उजवी. मी पाय उचलला, स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं, ५० च्या खाली आल्यावर तो शांत झाला. एकूण पाच-सहा सेकंद असतील. पुढच्या एक्झिटला बाहेर पडून आम्ही दोघं वीस मिनिटं नुसते बसून होतो. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती, तिला काही कळलं नाही.

आता ही हिच काढून चांगली घ्यायची आहे. इक्वलायझर, ब्लू ऑक्स, रीसची ड्युअल कॅम, अँडरसन, प्रोप्राइड, सगळी नावं वाचून झाली आणि डोकं भणभणलं. अनुभवी लोकांनी सांगावं.

कॅलगरीकर | ४ एप्रिल, रात्री ११:०५

सगळे सुखरूप आहात हे आधी बरं झालं. ब्रेक दाबला नाहीत आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवलं नाहीत, हे दोन्ही अगदी बरोबर केलंत.

आता माझं ऐका. अजून काहीही विकत घेऊ नका. आधी काट्यावर जा.

हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे मालट्रक तोलायचा काटा, असतो. त्याच्या तीन वेगळ्या पाट्या असतात. पुढची चाकं पहिल्या पाटीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या, म्हणजे तिन्ही वजनं वेगवेगळी छापून मिळतात. तीन वेळा वजन करा. एकदा हिचचे स्प्रिंग बार (भार वाटणाऱ्या दोन दांड्या) लावून, एकदा बार काढून, आणि एकदा ट्रेलर बाजूला सोडून नुसता ट्रक. त्याच दिवशी पुन्हा केलेल्या वजनाला पैसे कमी पडतात. घरचे सगळे गाडीत हवेत, टाकी भरलेली हवी आणि सामान सहलीला नेणार तसंच भरलेलं हवं.

बार काढलेल्या वजनातल्या ट्रकच्या दोन पाट्यांची बेरीज करा, त्यातून नुसत्या ट्रकचं वजन वजा करा. जे उरेल ते तुमचं खरं टंग वेट, म्हणजे ट्रेलरचं नाक (पुढचं टोक) ट्रकमागच्या बॉलवर, ज्या गोळ्यावर ते टेकतं त्यावर, टाकतं तो भार. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के तो असायला हवा. माहितीपत्रकावर छापलेलं 'हिच वेट' धरू नका. ते रिकाम्या ट्रेलरचं असतं, बऱ्याचदा बॅटरी आणि भरलेले गॅस सिलिंडर न धरता. वीस पौंडी सिलिंडर भरला की धातूसकट सुमारे ३७ पौंडांचा होतो, आणि तुमच्या नाकावर असे दोन असतील.

आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर आहे. 'माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नको' असं त्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा इथे टाका.

बोरकूट | ५ एप्रिल, सकाळी ७:३०

वाचूनच पोटात गोळा आला. रानवाट, मी टेक्सासात ३३ फुटी ट्रेलर ओढते, पाऊण टनाच्या, म्हणजे तुमच्याहून वरच्या वर्गातल्या ट्रकने. गेली सहा वर्षं माझ्याकडे प्रोप्राइड आहे. वेस्ट टेक्सासच्या आय-१० वर आडवा वारा काय असतो ते मला विचारा. मालट्रक शेजारून जातो तेव्हा ट्रक आणि ट्रेलर एकाच तुकड्याचे असल्यासारखे हलतात. महाग आहे, पण सोबत आई-बाबा आहेत, मुलगी आहे. इथे काटकसर करू नका. सरळ तीच घ्या, विषय संपेल.

स्वातीनक्षत्र | ५ एप्रिल, दुपारी १२:४८

बोरकूट, तुमच्या हिचबद्दल माझंही मत चांगलंच आहे, त्याकडे येते. पण विषय तिथे संपत नाही, कारण या एका वस्तूत दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकत्र कालवतात. मी मिशिगनमध्ये वाहनांच्याच चाचणीत काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं काम वजन वाटण्याचं. बॉल मागच्या ॲक्सलच्या पाच-साडेपाच फूट मागे असतो. तिथे ८०० पौंड ठेवले तर मागच्या चाकांवर ८०० नाही, हजाराच्या वर भार येतो आणि पुढच्या चाकांवरून तीनशे-साडेतीनशे पौंड उचलले जातात. सी-सॉ सारखं. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेक कमी पकडतात, रात्री दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात. स्प्रिंग बार हे लांब तरफांसारखे असतात. त्यांना ताण दिला की ते हिचला वर पिळतात, आणि मागच्या ॲक्सलवरचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. इतकंच. वजन नाहीसं होत नाही.

दुसरं काम डोलणं आवरण्याचं. ट्रेलर हा बॉलभोवती झुलणारा लंबक समजा. वाऱ्याचा धक्का बसला की तो झुलतो आणि टायरांच्या पकडीमुळे हळूहळू थांबतो. जितका वेग जास्त, तितकं हे थांबणं मंद. प्रत्येक जोडीचा एक वेग असा असतो की त्याच्या पुढे झोका थांबत नाही, वाढत जातो. तुम्ही ६२ ला तो ओलांडला होतात आणि ५० ला पुन्हा अलीकडे आलात.

तो वेग कशाने ठरतो? सगळ्यांत जास्त टंग वेटने. नाक हलकं असेल तर तो वेग खाली येतो. नंतर सामान कुठे आहे त्याने. दोन्ही टोकांना जड वस्तू ठेवल्या तर टक्केवारी बरोबर येऊनही ट्रेलर डंबेलसारखा होतो, एकदा फिरायला लागला की थांबायला जड. मग ट्रेलरची लांबी, टायरमधली हवा, ट्रकचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर). घर्षणाची दांडी, कॅम, महागडी हिच हे सगळं त्यानंतर. नाक हलकं असलेल्या ट्रेलरला महाग हिच लावली तर तो वेग थोडा वर सरकेल, आणि धोका तुम्हाला ६२ ऐवजी ७० ला भेटेल. म्हणून कॅलगरीकर म्हणतात तेच. आधी काटा.

कृष्णाकाठ | ५ एप्रिल, रात्री ८:२०

मी सांगली जिल्ह्यातला शेतकरी. मुलगा एडमंटनला असतो, त्याच्यामुळे या गप्पा वाचायची सवय लागली. इंग्रजी नावं मला समजत नाहीत, पण स्वातीताईंनी लिहिलेलं वाचून एकदम उजेड पडला. याला आमच्याकडे गाडी 'उलाळ' होणे म्हणतात.

बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते. जू वर उचलतं, बैलाच्या गळ्याचा पट्टा वर आवळतो, जनावराला पाय रोवता येत नाहीत आणि गाडी मागून इकडेतिकडे ओढते. उतारावर तर फार वाईट. आणि पुढे जास्त भरला तर सगळा बोजा मानेवर, खांदे सुजतात. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, हळद-लोणी लावून बैलाचे खांदे चोळतात, ते का, हे ज्याने गाडी हाकली त्याला कळतं. माझे वडील ऊस भरताना दर दहा-बारा मोळ्यांनंतर जू हाताने उचलून बघायचे. हाताला थोडा दाब लागला पाहिजे, पण उचललं गेलं पाहिजे. ते त्यांचं टंग वेट.

एक शंका. कारखान्याला ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जातात, त्यांना अशी हिच का नसते?

स्वातीनक्षत्र | ५ एप्रिल, रात्री ९:०२

काका, 'उलाळ'! इतकी वर्षं मी लोकांना हे समजावायला शब्द शोधत होते आणि तो आपल्याकडे होता. जू हाताने उचलून बघणं म्हणजे अगदी हीच चाचणी.

ट्रॉलीबद्दल: चार चाकांच्या ट्रॉलीचा पुढचा ॲक्सल दांडीबरोबर वळतो. मालाचा भार दोन्ही ॲक्सलवर पडतो, ट्रॅक्टरच्या खुंटीवर तो जवळजवळ येतच नाही, ती फक्त ओढते. त्यामुळे वाटायला वजनच नसतं. आणि ट्रॅक्टरचा वेग कमी असतो. त्याच दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरने उतारावर वेगात सोडल्या तर त्या कशा नागमोडी जातात हे तुम्ही पाहिलंच असेल.

कृष्णाकाठ | ५ एप्रिल, रात्री ९:१५

पाहिलं आहे. उलटलेल्याही पाहिल्या आहेत.

रानवाट | ८ एप्रिल, रात्री ९:४०

काट्यावर जाऊन आलो. सहलीला भरला होता तसाच ट्रेलर पुन्हा भरला. आई-बाबा अजून आले नाहीत म्हणून त्यांच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या मागच्या सीटवर ठेवल्या.

दारावरचं स्टिकर: माणसं आणि सामान १,६१० पौंड. ट्रकचं कमाल वजन ७,०५०, मागच्या ॲक्सलची मर्यादा ४,०५०.

नुसता ट्रक: पुढे ३,३४०, मागे ३,०४०, एकूण ६,३८०.
ट्रेलर जोडून, बार काढून: पुढे ३,०६०, मागे ३,९६०, ट्रेलरची चाकं ६,५४०.

म्हणजे ट्रेलर ७,१८० आणि टंग वेट ६४०. ८.९ टक्के. कृष्णाकाठ काका, माझी गाडी उलाळच होती.

सामान कुठे होतं ते आता लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पाण्याची ४५ गॅलनची टाकी काठोकाठ भरलेली, आणि माझ्या ट्रेलरमध्ये ती ॲक्सलच्या मागे आहे. पाण्याचा एक गॅलन ८.३ पौंडांचा, म्हणजे पावणेचारशे पौंड मागे. मागच्या बंपरवर रॅक आणि दोन सायकली. तांदूळ, कणीक, डाळी, कुकर, कढया सगळं मागच्या कपाटात, कारण स्वयंपाकघर मागे आहे.

कॅलगरीकर | ८ एप्रिल, रात्री १०:३०

शाबास. आता यातला सापळा बघा.

आज तुमचा ट्रक ७,०२० वर आहे, मर्यादेच्या ३० पौंड आत. कागदावर सगळं ठीक. पण तो आत बसतो आहे याचं कारण नाक हलकं आहे! हेच टंग वेट १२ टक्क्यांवर नेलं की ते ८५० च्या आसपास होईल. ६,३८० अधिक ८५० म्हणजे ७,२३०. बारांनी शंभर-सव्वाशे पौंड ट्रेलरच्या चाकांवर ढकलले तरी तुम्ही वरच. आणि वजन वाटणाऱ्या चांगल्या हिचचं स्वतःचं वजनही शंभर पौंडांच्या आसपास असतं, तेही ट्रकच्याच खात्यात जातं. (सध्याची हिच काट्यावर धरलेली आहे, म्हणून फरक थोडाच पडेल.)

तुमचा ट्रक १०-११ हजार पौंड ओढतो असं जाहिरातीत लिहिलं असेल. इंजिन ओढेलही. अर्ध्या टनाच्या ट्रकमध्ये आधी संपते ती ओढायची ताकद नाही, पाठीवर घ्यायची.

तेव्हा ट्रकच्या हौद्यात काय आहे ते सांगा, आणि काय घरी राहू शकतं तेही.

स्वातीनक्षत्र | ८ एप्रिल, रात्री १०:५५

पुरवणी. ओढायच्या क्षमतेचा आकडा एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-२८०७ या मानकाप्रमाणे काढतात. त्यात चढाची चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटाप्रमाणे असते, एसी पूर्ण चालू ठेवून. चाचणी कडक आहे. पण गाडीत माणसं धरतात दोन, दीडशे पौंडांची प्रत्येकी. आई-बाबा, मुलगी, डब्यातले लाडू त्यात नाहीत.

नवखा_११ | ९ एप्रिल, सकाळी ८:१०

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या गाडीत कंपनीचंच इलेक्ट्रॉनिक ट्रेलर स्वे कंट्रोल आहे. मग ही हिच लागतेच का? मी मोठ्या एसयूव्हीने २६ फुटी ट्रेलर ओढायचा विचार करतोय, अजून घेतलेला नाही.

कॅलगरीकर | ९ एप्रिल, सकाळी ९:२५

नवखा, ते इलेक्ट्रॉनिक यंत्र ट्रेलर डोलायला लागल्यावर जागं होतं. गाडीचे एकेक ब्रेक दाबतं, इंजिनची ताकद कमी करतं. चांगलं आहे, बंद करू नका. पण ते पुढच्या चाकांवर वजन परत आणत नाही.

तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं: गाडीची पुस्तिका उघडा. काही एसयूव्हींना वजन वाटणारी हिच लावायला उत्पादकाची मनाई असते, तर काहींना ठरावीक वजनाच्या पुढे ती सक्तीची असते. रिसीव्हरच्या (गाडीमागे हिच ज्यात बसते त्या चौकोनी नळीच्या) लेबलवरही बऱ्याचदा दोन आकडे असतात, साध्या बॉलसाठी एक आणि वजन वाटणाऱ्या हिचसाठी दुसरा. ते वाचल्याशिवाय ट्रेलर बघायलाही जाऊ नका. विक्रेता तुम्हाला "आरामात ओढेल" असंच म्हणणार.

स्वातीनक्षत्र | ९ एप्रिल, रात्री ९:३०

आता हिचकडे येऊ. रानवाटच्या आकड्यांवर माझं मत असं.

सध्या आहे ती घर्षणाची सुटी दांडी लहान ट्रेलरला ठीक. मागे घेताना ती काढावी लागते, निसरड्या रस्त्यावर सैल करावी लागते. विसरलं की वाकते. २८ फुटांना एकट्या दांडीवर माझा भरवसा नाही.

इक्वलायझरमध्ये बार साखळीऐवजी कडक कंसांवर टेकतात. दोन कंस आणि डोक्यातल्या दोन खोबण्या अशा चार ठिकाणी घर्षण होतं, आणि ट्रेलर मागे घेताना काही काढावं लागत नाही. वळताना करकर आवाज येतो, तो या पद्धतीचा स्वभावच आहे. ब्लू ऑक्सच्या स्वेप्रोमध्ये बार पुढच्या बाजूला असे बसतात की त्यांचा ताणच ट्रेलरला सरळ रेषेत ओढत राहतो. रीसच्या ड्युअल कॅममध्ये बाराच्या टोकाला खाच असते आणि ती कॅमवर बसते. सरळ जाताना कुलूप लागल्यासारखं, वळताना सुटतं. बसवणं किचकट, पण नीट बसली की छान. अँडरसन सगळ्यांत हलकी, साखळ्या आणि युरेथेनच्या चकत्या वापरते, आवाज नाही. पण नाकावर ८०० च्या वर भार असेल तर पुढच्या चाकांवर पुरेसं वजन परत आणायला तिच्याकडून फार ताण मागावा लागतो, असं मला वाटतं.

हेन्स्ली आणि प्रोप्राइड ही वेगळीच जात. दोन्हींच्या मागे जिम हेन्स्ली यांची रचना आहे. चार दांड्यांच्या जोडणीमुळे ट्रेलर बॉलभोवती न फिरता ट्रकच्या मागच्या ॲक्सलजवळच्या एका काल्पनिक बिंदूभोवती फिरल्यासारखा वागतो. डोलणं आवरायचं नाही, सुरूच होऊ द्यायचं नाही, असा विचार. बोरकूट सांगतात तो अनुभव खरा आहे. पण ती साध्या हिचच्या जवळजवळ दुप्पट वजनाची आणि तिप्पट-चौपट किमतीची. पैशांचं सोडा. रानवाटच्या ट्रकला आणखी शंभर पौंड परवडत नाहीत.

माझी निवड: इक्वलायझर किंवा ब्लू ऑक्स, १,००० पौंडांचे बार. त्यावर जायचं नाही. गरजेपेक्षा फार कडक बार लावले तर प्रत्येक खड्ड्यात ट्रेलरच्या सांगाड्याला पीळ बसतो. आकडा निवडताना खरं टंग वेट घ्या आणि हौद्यात मागच्या ॲक्सलच्या मागे जे सामान असेल तेही त्यात मिळवा.

बोरकूट | १० एप्रिल, सकाळी ७:०५

स्वातीताई, पटलं. माझ्या ट्रकच्या दारावर २,७०० चा आकडा आहे, म्हणून मला कधी हिचच्या वजनाचा विचारच करावा लागला नाही. रानवाट, 'सरळ तीच घ्या' हे माझं वाक्य मागे घेते. तुमच्या ट्रकला ताई म्हणतात तेच बरोबर.

रानवाट | २७ एप्रिल, रात्री ११:२०

इक्वलायझर घेतली, १,०००/१०,००० ची (टंग वेट १,००० आणि ट्रेलर १०,००० पौंडांपर्यंत). शेजारच्या मित्राला घेऊन दोन शनिवार घालवले. तपशील लिहितो, कारण मला हे एका ठिकाणी कुठे मिळालं नाही.

आधी सामान. पाण्याची टाकी फक्त पाव भरायची, बाकी पाणी मुक्कामाला. सायकली आणि रॅक घरी. डाळ-तांदूळ-कणीक पुढच्या पलंगाखाली. लोखंडी तवा, कुकर आणि हत्यारांची पेटी ॲक्सलच्या बरोबर वर, जमिनीलगत. ट्रकच्या हौद्यातली लाकडं आणि जनरेटर काढले. लाकडं तिथेच विकत घेऊ, तसंही दुसरीकडची लाकडं नेली की झाडांची कीड पसरते.

मग हिच. ट्रेलर सपाट जमिनीवर समपातळीत उभा केला आणि बॉलची उंची त्याला जुळवून घेतली. बॉल २ ५/१६ इंची. त्याचा नट घरच्या पान्याने आवळता येत नाही, मोठा टॉर्क रेंच भाड्याने आणला. ट्रेलर नसताना पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजली. ट्रेलर बॉलवर टेकवला, बार न लावता मोजली, दीड इंचाच्या वर उचलली गेली होती. बार लावून पुन्हा मोजली, तर अर्धा इंचच खाली आली. फोर्डच्या पुस्तिकेत साधारण अर्ध्यावर आणा असं आहे. हिचच्या डोक्यामागे चकत्या असतात, त्या वाढवल्या की डोकं मागे झुकतं आणि बारांना जास्त ताण येतो. एक चकती वाढवली, सगळं उघडून पुन्हा आवळलं, मोजलं. बसलं.

एक सांभाळायचं. बार चढवताना ट्रेलरच्या कपलरला (बॉलवर बसणाऱ्या टोपीला) कुलूप लावून जॅकने ट्रकच्या मागच्या भागासकट नाक वर उचलायचं, मग बार हाताने सरकतात. ताणातला बार निसटला तर हाड मोडेल. मुलीला तिथे उभं राहू द्यायचं नाही हा नियम केला आहे.

आणि मग पुन्हा काटा. वाळूच्या पिशव्यांसकट.

नुसता ट्रक: ३,३४० + २,९०० = ६,२४०.
बार काढून: ट्रकची चाकं २,९६० आणि ४,१२०, ट्रेलर ६,०००.
बार लावून: ट्रकची चाकं ३,१६० आणि ३,८००, ट्रेलर ६,१२०.

टंग वेट ८४०, ट्रेलर ६,८४०, म्हणजे १२.३ टक्के. बार नसते तर मागचा ॲक्सल मर्यादेच्या ७० पौंड वर गेला असता. बार लावल्यावर २५० पौंड आत. पुढच्या चाकांवरून ३८० गेले होते, त्यातले २०० परत आले. ट्रक एकूण ६,९६०. ९० पौंड शिल्लक.

कृष्णाकाठ | २८ एप्रिल, सकाळी ६:१५

पावती वाचली. आता जू नीट बसलं. आई-वडिलांना नमस्कार सांगा, आम्ही एकाच तालुक्यातले असू कदाचित.

कॅलगरीकर | २८ एप्रिल, सकाळी ९:००

उत्तम काम. निघण्याआधी तीन गोष्टी कराच.

पहिल्या ५० मैलांनंतर थांबून सगळे नट पुन्हा आवळून बघा, नवी हिच थोडी 'बसते'. ट्रेलरच्या टायरांत थंड असताना त्यांच्या भिंतीवर लिहिलेला दाब भरा. आणि ट्रेलर ब्रेक कंट्रोलरचा हाताने दाबायचा खटका रिकाम्या पार्किंगमध्ये दहा वेळा, न बघता दाबून सराव करा. पुन्हा कधी डोललाच, तर पाय गॅसवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ, आणि तो खटका हळूहळू दाबायचा. ट्रेलरचे ब्रेक लागले की तो मागे खेचला जातो आणि रेषेत येतो. ट्रकचा ब्रेक दाबला तर ट्रेलर उलट ट्रकला ढकलतो. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो, बोटांनाच माहीत हवं.

वेग ६२ च्या वर नको. ट्रेलरसाठीचे बरेच खास (एसटी) टायर ६५ मैलांसाठीच असतात. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानेच ५५ आहे.

आणि वायोमिंगचा वारा. मी आमच्या अल्बर्टातल्या पिंचर क्रीकचा वारा खाल्लेला माणूस आहे, तरी लॅरमी ते रॉलिन्स या टप्प्याला वचकून असतो. त्यांच्या रस्ते खात्याच्या ५११ या माहितीसेवेवर 'हलक्या, उंच वाहनांना बंद' असं आलं तर तुम्ही त्यातच मोडता. हिच कितीही चांगली असो, त्या दिवशी जायचं नाही.

रानवाट | २ जुलै, रात्री १०:५०

परत आलो. अकरा दिवस.

लॅरमीला दुपारी दोनला पोहोचलो, तर आर्लिंग्टन आणि एल्क माउंटनजवळ वाऱ्याचा इशारा लागलेला. बंदी नव्हती, नुसता इशारा. बाहेर ऊन होतं, बाबा म्हणाले, "जाऊ की, दोनच तासांचं तर आहे." कॅलगरीकरांचं वाक्य आठवलं. तिथेच मुक्काम केला. आईने मुगाची खिचडी टाकली. पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा पवनचक्क्या जेमतेम फिरत होत्या. रस्त्याकडेला एक ट्रेलर आडवा पडलेला होता, चाकं आकाशाकडे. कुणाचा, कधी पडला, माहीत नाही. गाडीत कोणी काही बोललं नाही.

रॉलिन्सहून लँडर, डुबॉय आणि मग टोगवोटी खिंड, ९,६५८ फूट. उतारावर टो-हॉल मोड (ट्रेलर ओढतानाची ट्रकमधली सोय) आणि खालचा गिअर, ब्रेकवर जवळजवळ पाय नाही. माथा ओलांडून थोडं खाली आल्यावर समोर टेटनची रांग उघडली. बाबांनी गाडी थांबवायला लावली.

मालट्रक असंख्य वेळा शेजारून गेले. धक्का जाणवतो, ट्रेलर एकदा हलतो आणि तिथेच थांबतो. पहिल्या दिवशी दर वेळी माझी बोटं खटक्यावर जात होती. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आपण आरशात बघायचंच विसरलो.

वळताना करकर येते. आईला बैलगाडीच्या आसाची आठवण झाली. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजला राहिलो. तिथे अस्वलांमुळे कापडी तंबूंना परवानगी नाही, पक्क्या भिंतींचा ट्रेलरच लागतो.

एक चूक झाली. परतताना तिथे पाण्याची टाकी पूर्ण भरली आणि तशीच राहिली. तासाभराने मागून पुन्हा ती जुनी, मऊ चाहूल लागली. थांबलो, तीस गॅलन पाणी सोडलं, चाहूल गेली. हिच तीच, बार तेच.

स्वातीनक्षत्र | ३ जुलै, सकाळी ७:४०

तुमचा शेवटचा परिच्छेद मी माझ्या टीमला भाषांतर करून दाखवणार आहे, चालेल ना? अडीचशे पौंड पाणी, ॲक्सलच्या मागे, आणि फरक हाताला कळला.

रानवाट | ३ जुलै, सकाळी ८:१५

चालेल की, आनंदाने.

नवखा_११ | ५ जुलै, रात्री ९:१०

सगळा धागा पुन्हा वाचला. माझ्या एसयूव्हीच्या दारावर १,२४० पौंड आहे. आम्ही चौघं मिळून ५८०. जो २६ फुटी ट्रेलर आवडला आहे त्याचं कमाल वजन ७,०००. विक्रेता म्हणतो, हिच तो फुकट बसवून देईल.

कॅलगरीकर | ५ जुलै, रात्री ९:४५

१,२४० वजा ५८०, उरले ६६०. हिचचे शंभर गेले, ५६०. सात हजारांच्या ट्रेलरचं टंग वेट साडेबारा टक्क्यांनी ८७५. बारांनी शंभर-सव्वाशे मागे ढकलले तरी साडेसातशे. डिकीत एक छत्रीसुद्धा न ठेवता तुम्ही दोनशे पौंड वर आहात. कॅलगरीहून सांगतो, तो ट्रेलर घेऊ नका. साडेचार हजारांच्या आतला शोधा, २० फुटांच्या आसपास.

नवखा_११ | ५ जुलै, रात्री १०:०२

बायकोला हिशेब दाखवला. शनिवारची विक्रेत्याची वेळ रद्द केली. त्याऐवजी चौघांना घेऊन, टाकी भरून, आधी नुसती गाडी काट्यावर नेतो. पावती इथे टाकतो.